लहान तपकिरी पक्षी, सर्व प्रकार

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या मामांनी विचारलं, "मुलगा करतो काय?" आमच्या काकांनी घसा साफ करून सांगितलं, "सरकारी नोकरीत आहे. वनखात्यात." मामांचा चेहरा उजळला. वनखातं म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे खाकी कपडे, शिसवी टेबल आणि सलाम ठोकणारे चार शिपाई उभे राहिले असावेत. "तिथे नेमकं काम काय?" मामांनी पुढचा प्रश्न टाकला. काका माणूस सरळ. म्हणाले, "चिमण्या सोलतो."

मामांनी हातातला चहा खाली ठेवला. दाराआड मात्र कुणीतरी फिसकन हसलं. ती हसणारी मुलगी आज माझी बायको आहे आणि गेली कित्येक वर्षं मला घरात शिरण्यापूर्वी अंगणात हात धुवायला लावते आहे. तिचं बरोबरच आहे. या धंद्यात सोमल वापरतात आणि सोमलाने माणूस मरतो.

धंदा काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. माझा हुद्दा पक्षी-सहायक. बुऱ्हाणपुरात मला सगळे चिमणीबाबू म्हणतात आणि मी ओ देतो. आमच्या जिल्ह्यात कोणते पक्षी कधी येतात, काय खातात, कुठे घरटी करतात याची माहिती खात्याला पुरवायची आणि प्रत्येक जातीचा नमुना तयार करून ठेवायचा, हे माझं काम. नमुना म्हणजे पक्ष्याची कातडी. लहान मुलाच्या अंगातून अंगरखा काढतात तशी ती पोटाकडून उलटी करून सोडवायची, आतून सोमलाचा साबण चोळायचा म्हणजे कसर लागत नाही, मांसाच्या जागी कापूस भरायचा आणि बारीक टाके घालायचे. पायाला चिठ्ठी बांधायची: कुठे मिळाला, केव्हा मिळाला, नर की मादी. चांगली जमलेली कातडी झोपल्यासारखी दिसते. वाईट जमली तर पाहुण्यांच्या खाली चेंगरलेल्या लोडासारखी. माझ्या हातच्या कातड्या झोपलेल्या दिसतात, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. गावात ही कला जाणणारा दुसरा माणूस नाही.

त्यामुळे पक्ष्यांबद्दल कुणालाही काही शंका आली की गिऱ्हाईक माझ्याकडे. एकदा चौकातले एक सराफ पिंजरा घेऊन आले. आत दोन पिवळीधमक पाखरं. "बाबू, विलायती आहेत. जहाजातून आलेली जोडी. नाव तेवढं सांगा, पाहुण्यांना सांगायला बरं पडतं." मी एक पाखरू हातात घेतलं, बोट ओलं केलं आणि त्याच्या पाठीवरून फिरवलं. बोट पिवळं झालं. वास घेतला. म्हटलं, "शेठजी, हिला फोडणीत टाकलीत तर वरणाला रंग छान येईल." हळद होती. आत आपल्या शेतातल्या मुनिया. सराफ पिंजरा तिथेच सोडून गेले. मी दोन्ही पाखरांना आंघोळ घालून मागच्या दाराने सोडून दिलं.

पण आज सांगायची आहे ती एका रंगच नसलेल्या पाखराची गोष्ट.

त्याला आम्ही बोरू-वटवट्या म्हणतो. चिमणीपेक्षा लहान, वरून मातकट तपकिरी, खालून मळकट पांढरा. अंगावर ठिपका नाही, रेघ नाही, डोक्यावर तुरा नाही. देवाचं रंगाचं ताट रिकामं झाल्यावर त्याने ब्रश धुतला, त्या पाण्यात हा रंगवला असावा. थंडी पडायच्या आत हिमालयापलीकडून, पार उत्तरेच्या मुलखातून उडत येतो, आमच्या तापीच्या खोऱ्यात हिवाळा काढतो आणि ऊन तापायला लागलं की निघून जातो. नावात बोरू असला तरी नदीतल्या बोरूपेक्षा बाभळीच्या कुंपणात, कापसाच्या ओळीत आणि केळीच्या बागेच्या कडेला जास्त असतो. दिसत नाही. झुडपाच्या पोटातून चक्, चक् असा आवाज येतो, एखाद्या म्हातारीने जीभ टाळूला लावून नापसंती दाखवावी तसा. तेवढीच ओळख.

त्याचे सख्खे-चुलत भाऊ बरेच. सगळे तितकेच मातकट. ते ओळखायचे तर पाखरू हातात धरून पंख उघडावा लागतो. पत्त्यांचा डाव हातात पसरावा तशी पंखाची लांब पिसं पसरतात. मग पहिलं बारकं पीस सोडून दुसरं बघायचं. ते पुढच्या कोणत्या पिसाच्या लांबीला जुळतं, त्यावर घराणं ठरतं. एका भावात ते पाचव्या-सहाव्याशी जुळतं, दुसऱ्यात त्याच्याही खाली जातं. फरक तांदळाच्या दाण्याएवढा. त्या दाण्यासाठी मी डोळे घालवले. त्यामुळे या पाखरावर माझा जीव होता. ज्याला ओळखायला इतके कष्ट पडतात, त्याच्यावर जीव बसतोच. माणसांचंही तेच.

आता मोठ्या उलाढालीकडे येतो. राज्यांची पुनर्रचना झाली. बुऱ्हाणपूर जागचं हललं नाही, पण आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमच्या नव्या मध्य प्रदेशात इंदूर-ग्वाल्हेरकडचा भाग, रेवाकडचा भाग, भोपाळ असं सगळं येऊन मिळालं. चार घरच्या चार सुना एका चुलीपाशी आल्या. कुणाचं मीठ जास्त, कुणाचं तिखट. कचेऱ्यांमध्ये पुढची काही वर्षं एकच काम चाललं होतं: सगळीकडचे नियम एक करायचे. बिघा आणि एकर, शेर आणि पायली, मास्तरांच्या वेतनश्रेण्या, सगळं. त्यात पक्ष्यांचीही पाळी आली.

प्रत्येक जुन्या कारभाराची पक्ष्यांची आपली यादी होती. कोणते पक्षी मारायला बंदी, कोणते ठरावीक मोसमात मारता येतात, आणि कोणते कधीही, कसेही मारले तरी चालतात. बंदीची ती संरक्षित यादी, शेवटची ती खुली यादी. गंमत अशी की एकाच पाखराचा दर्जा हद्दीनुसार बदलायचा. आमचा वटवट्या एका बाजूला संरक्षित होता, शेजारच्या जुन्या संस्थानाच्या यादीत त्याचं नावच नव्हतं आणि तिसरीकडे पिकाचा शत्रू म्हणून खुला होता. हिमालय ओलांडून येणाऱ्या या पाखराने आमच्या एका नाल्यावरून उडी मारली की ते पाहुण्याचं चोर व्हायचं.

या याद्या एक करण्यासाठी वर कुणीतरी कच्चा मसुदा केला आणि तो मतासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवला. मी तो वाचत गेलो. मोर संरक्षित, ठीक. माळढोक संरक्षित, फार छान. खुल्या यादीत कावळा. त्याखाली एक ओळ होती आणि ती वाचून माझा चहा गार झाला. लिहिलं होतं: लहान तपकिरी पक्षी, सर्व प्रकार.

सर्व प्रकार. म्हणजे चार याद्यांतली जी मातकट नावं मसुदा करणाऱ्याला उलगडली नाहीत, ती त्याने एका पोत्यात भरली होती. सुगरण, मुनिया, चिमणी ही ज्वारीवर पडणारी मंडळी त्या पोत्यात, आणि ज्वारीच्या दाण्याला तोंडही न लावणारा वटवट्याही त्यातच. ही ओळ कायम झाली असती तर तापीकाठच्या कोणत्याही कुंपणात, कोणत्याही महिन्यात, कुणीही जाळं लावून हे पाखरू धरू शकलं असतं. जाळेवाले तयारच होते. लहान पाखरांना हॉटेलांत गिऱ्हाईक असतं.

मी ठरवलं, ही ओळ फोडायची. मतं लिहून पाठवली. उत्तर नाही. पुन्हा पाठवली. मग कळलं की खात्यातले वरचे अधिकारी श्रीवास्तव साहेब स्वतः दौऱ्यावर येत आहेत, शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकणार आहेत आणि आमच्या भागापुरता शेवटचा शेरा तेच मारणार आहेत.

श्रीवास्तव साहेब रेवाकडचे. उंच, मिशा पिळदार, वाघांच्या शिकारींमध्ये आयुष्य गेलेलं. वाघापेक्षा लहान ते सगळं त्यांच्या लेखी किडा. माणूस वाईट नव्हता, पण गाडीची वेळ आणि जेवणाची वेळ या दोन गोष्टींपुढे त्यांना तिसरी सुचत नसे. आणि शेतकऱ्यांच्या बाजूने बोलायला उभे होते जसोंडीचे दगडूभाऊ पाटील.

पाटलांचं वय साठीच्या आसपास. केळी, कापूस आणि खालच्या अंगाला ज्वारी. आवाज असा की त्यांनी घरात खोकलं तर शेतातले बैल कान टवकारत. त्या वर्षी सुगरणींच्या थव्यांनी ज्वारीचा पार भुगा केला होता. आसपासच्या गावांनी पाटलांना पुढे केलं: तुम्ही साहेबाशी बोला, सगळी पाखरं खुली करून आणा. डोईफोडियाकडचा एक जाळेवालाही त्यांनी बोलावून ठेवला होता. गावोगावच्या लोकांनी मिळून त्याच्याकडून जाळी घेतली होती. पाटलांनी शब्द दिला होता आणि पाटील शब्दाचे पक्के.

बैठक रेस्ट हाउसवर संध्याकाळी होती. मी साहेबांपुढे माझं म्हणणं मांडलं: पाखरं दोन तऱ्हेची, एक दाणा खाणारी, एक किडे खाणारी. पाटील म्हणाले, "साहेब, मी काही शाळा शिकलो नाही. मले एवढंच दिसते, संध्याकाळी ज्वारीवर तपकिरी ढग उतरते आणि सकाळी कणसाची काडी राहते. त्या ढगात कोन ब्राह्मन आन कोन कुनबी, मी काहून पाहू?"

साहेब हसले. पाटील पुढे म्हणाले, "पुरावा पाहिजे ना? माझ्याच शेतातली पाखरं आज धरून तुमच्या बंगल्यावर पाठोली हाये. पोटं फाडा. ज्वारी निघाली नाही तर माझं नाव बदला."

हे ऐकून मी मनातून नाचलो. मला हेच पाहिजे होतं. पाखराच्या पोटातलं बघितलं की ते काय खातं याबद्दल वाद उरत नाही. मी साहेबांना म्हटलं, "आत्ताच बघू या." टेबलावर पांढरं कापड अंथरलं, चिमटा काढला, भिंग काढलं. मी खोटं कशाला बोलू, बाह्या सरसावताना मला नाटकात पहिल्या अंकाचा पडदा वर जातो तसं वाटत होतं. मग शिपायाला सांगितलं, "पाटलांकडून आलेली पाखरं आणा."

शिपाई आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा त्याच्या मागे रेस्ट हाउसचे खानसामा हबीबमियाँ होते आणि त्यांच्या हातात कलईचं ताट. ताटात ओळीने मांडलेली, एकही पीस नसलेली, स्वच्छ धुतलेली, मीठ-हळद लावलेली पाखरं.

"हबीबमियाँ, यह क्या किया?" माझा आवाज चिरकला.

"साफ किया, बाबू. और क्या करता?" हबीबमियाँ दुखावले. "इस बंगले पर आज तक जो परिंदा आया, रसोई में ही आया. तीतर आया, बटेर आया, हरियल आया. साहब के आने के दिन आया तो किसके लिए आएगा?"

"आणि पोटं? अंदर का माल?"

"पोटे भी साफ कर दिए. चीरकर, धोकर. पोटा धोए बिना खिलाऊँ क्या साहब को?"

बरोबर होतं त्यांचं. बंगल्याची रीतच तशी. पुरावा नावाचा पक्षी त्यांच्या स्वयंपाकघरात पूर्वी कधी आलाच नव्हता. पाटलांनी आधी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ते इतके हसले की त्यांचा पटका सैल झाला. "चिमणीबाबू, आता ओळखा. सगळे एका जातीचे झाले."

पंख नाहीत, पिसं नाहीत, पोट नाही. मी आयुष्यात नागड्या पाखरांचं वर्गीकरण केलं नव्हतं. पण मागे हटलो असतो तर ती ओळ कायमची खुल्या यादीत गेली असती. डोकी शिल्लक होती. मी खुर्ची ओढली आणि एकेक डोकं भिंगाखाली धरू लागलो. जाड, त्रिकोणी चोच, दाणा फोडायच्या अडकित्त्यासारखी: ती डावीकडे. बारीक, चिमट्यासारखी चोच, मुळाशी दोन-चार ताठ केस: ती उजवीकडे. डावीकडे ढीग झाला. उजवीकडे मोजकीच. हळदीने माझी बोटं पिवळी झाली.

"साहेब, या सुगरणी आणि मुनिया. आणि हे वटवटे. ही चोच दाणा फोडूच शकत नाही."

साहेबांनी दोन्ही डोकी जवळ धरून बघितली. मग म्हणाले, "चोंच पतली है, मान लिया. पर पतली चोंच से दाना निगल तो सकता है? मेरे चाचा के दाँत नहीं हैं, चने खा जाते हैं."

पाटील म्हणाले, "हे बरोबर बोलले."

मी म्हटलं, "मग उद्या सकाळी जिवंत पाखरू दाखवतो. दाणाही ठेवतो, अळीही ठेवतो. ते काय खातं ते बघा."

साहेबांची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. ते पाटलांकडे बघून म्हणाले, "कहाँ?"

"माझ्या ओसरीवर," पाटील म्हणाले. "पिंजराही माझा. माझा पोपट एक दिवस दोरीवर बसंल. आन गावचे सगळे येतील, म्हंजे मागून कोनी म्हनाले नको का पाटलाने आत काही केलं."

सकाळी उजाडताच मी पाटलांच्या कापसाच्या कुंपणाशी जाळी लावली आणि एक वटवट्या धरला. हातात त्याचं काळीज शिवणयंत्रासारखं धडधडत होतं. पंख उघडून पिसं जुळवली, खात्री केली आणि पिंजऱ्यात सोडला; पोपटाच्या गजांतून निसटू नये म्हणून बाहेरून बारीक जाळी गुंडाळली. पाटलांच्याच कापसाच्या बोंडांतून अळ्या काढल्या. एका वाटीत ज्वारी, दुसरीत अळ्या. साहेब जीपमधून आले, खाटेवर बसले. फाटकाबाहेर गावोगावची माणसं जमली होती. पाटलांनी त्यांना आत येऊ दिलं नाही. म्हणाले, "तिथूनच बघा. जत्रा नाही."

आणि पाखरू काही खाईना.

पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ते फुगून बसलं. मला हे माहीत असायला हवं होतं, नव्हे, माहीत होतं. मोकळ्या रानातलं किडेखाऊ पाखरू माणसांच्या तोंडासमोर खात नाही. ते दाण्यालाही शिवेना, अळीलाही शिवेना. चहा झाला. दुसरा चहा झाला. साहेबांनी घड्याळ काढून खाटेवर ठेवलं. फाटकाबाहेर कुणीतरी म्हणालं, "उपास असंल त्याचा," आणि सगळे हसले. पाखरू असंच बसलं तर तासाभरात मरेल हे मला दिसत होतं, आणि पिंजरा उघडला तर यादी जाईल हेही दिसत होतं.

तेव्हा पाटील उठले. पोपट पाळणारा माणूस. पिंजऱ्यातलं पाखरू उपाशी बसलेलं त्यांना बघवेना. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, धुऊन धुऊन जाळीदार झालेलं, आणि पिंजऱ्यावर टाकलं.

"मायबाप हो, त्याच्या ताटात डोळे घालून बसले तुमी. पाहुना जेवंल कसा? मागं सरा सगळे." मग साहेबांनाही, "तुमीही सरा साहेब."

साहेब सरले. मीही सरलो. आत काय चाललं आहे ते आता कुणालाच दिसेना. साहेबांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "बाबू, परदे के पीछे अगर इल्लियाँ रेंगकर निकल गईं, तो मैं क्या मानूँ?" प्रश्न बिनतोड होता: अळ्या सरपटत पळाल्या की पाखराने खाल्ल्या, हे कळणार कसं? कुणीतरी बघायला हवं होतं. उपरण्याला एक जुनं भोक होतं, जोंधळ्याच्या दाण्याएवढं. एका डोळ्यापुरतं.

"मी बघतो," मी म्हटलं.

"आप नहीं," साहेब म्हणाले. "आप तो लड़के वाले हैं." त्यांनी बोट दाखवलं. "पाटील देखेंगे. पाटील जो कहेंगे, वही लिखूँगा."

ज्यांनी सगळ्या गावांना पाखरं खुली करून द्यायचा शब्द दिला होता, त्यांच्या एका डोळ्यावर सगळं आलं होतं. पाटलांनी 'काही खाल्लं नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते खोटं ठरवणारा साक्षीदार नव्हता.

पाटील गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि भोकाला डोळा लावला. इतका मोठा माणूस, चोरून बघणाऱ्या पोरासारखा. दोरीवरचा पोपट मान वाकडी करून त्यांच्याकडे बघू लागला. बराच वेळ पाटील हलले नाहीत. एकदा त्यांचा खांदा किंचित उडाला. पुन्हा उडाला. मग त्यांनी डोळा काढला आणि कंबर धरून उभे राहिले. त्यांनी फाटकाकडे बघितलं. तिथे त्यांच्या शब्दावर जाळी विकत घेतलेली माणसं उभी होती.

"क्या देखा, पाटील?"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"अळी खाल्ली," ते म्हणाले. "एक खाल्ली, थोडी आपटून. मंग दुसरी. ज्वारीच्या वाटीत उभं राहून खाल्ली, दाण्यावर पाय देऊन. दाना नाही उचलला." मग पिंजऱ्याकडे बोट करून, "माझ्या बोंडातली अळी हाये ती. माझ्या बापाने पाहिली नाही अशी गोष्ट. लिहा साहेब."

साहेबांनी लिहिलं. मसुद्यातली ती ओळ त्यांनी माझ्यासमोर आडवी कापली. बोरू-वटवट्या आणि त्याची बारीक चोचीची भावंडं संरक्षित. सुगरण, मुनिया, चिमणी खुली, उभ्या पिकात जाळी चालतील. पेन माझ्याकडे दिलं. जाती ओळखल्याची सही माझी लागत होती.

मी पेन घेतलं आणि सही केली नाही. "साहेब, यादीत दोन ओळी झाल्या. पण जाळं एकच आहे. काल त्या एका जाळ्यातून दोन्ही ढीग निघाले. संध्याकाळी कापसाच्या कडेला जाळं लावलं तर त्यात कोण अडकायचं हे जाळं विचारत नाही."

"बाबू," साहेबांनी घड्याळ उचललं, "एक मिला है. दूसरा मत माँगो. मेरी गाड़ी है."

"गाडी मिळेल साहेब. पण उभ्या पिकात जाळी चालतील म्हटल्यावर वरची ओळ फुकट जाते. अशा कागदावर मी सही करणार नाही."

मी नोकरीत असं याआधी कधी बोललो नव्हतो. आवाज माझाच होता, पण जरा वरून येत होता. साहेबांच्या मिशा थरथरल्या. पाटील मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते पिंजऱ्यावरचं उपरणं काढून घडी घालत होते.

"काढा जाळी कागदातून," ते म्हणाले. "गोफनी चालू द्या, माळे चालू द्या, डबे वाजू द्या. सुगरनीले हाकलाले माझ्या बापाले जाळं लागलं नव्हतं. आन जाळ्यात हे अडकलं तर माझ्या बोंडातल्या अळ्या कोन खाईन, तुमचे शिपाई?"

साहेबांनी हात पसरले, ओळ दुरुस्त केली, आणि मी सही केली. पिंजरा मी कुंपणाशी नेऊन उघडला. पाखरू गेलं, आणि झुडपातून चक् असा आवाज आला. आभाराचा नव्हता. नापसंतीचाच.

फाटकापाशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "मंग पाटील, झालं का आपलं काम?"

"झालं," पाटील म्हणाले. "गोफनी काढा."

"आन जाळी? पैसे देल्हे ना भो त्याचे."

"तापीत टाका, मासे धरा. मी बोललो होतो ना का खुली करून आनतो? नाही आनली. शिव्या द्याच्या तर मले द्या, साहेबाले नका देऊ." दोघा-तिघांनी दिल्याही. पाटलांनी त्या उभं राहून ऐकून घेतल्या.

मला वाटलं तेवढं सोपं पुढे झालं नाही. सुगरणी खुल्याच राहिल्या, आणि गोफणीच्या दगडांनी किती पडल्या याचं मला वाईट वाटतं. माझ्या बाजूने मी एकालाच सोडवलं आणि दुसऱ्याला खुल्या यादीतच ठेवलं. चांदनी गावाकडे काही जाळी चोरून लागतच होती. मी जायचो, खांब उपटायचो, शिव्या खायचो, पुन्हा जायचो. अजूनही जातो.

पुढच्या हंगामात ज्वारी भरली तेव्हा मी जसोंडीला गेलो. पाटील स्वतः शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसले होते, साठीच्या वयात, हातात गोफण. मी शिडीने वर चढलो. सुगरणींचा थवा आला, पाटलांनी एक सणसणीत शिवी आणि पाठोपाठ दगड सोडला. थवा उठला. मग ज्वारी आणि कापसाच्या बांधावर एक एकटंच मातकट पाखरू उतरलं. पाटलांनी गोफणीत दगड भरला, हात वर नेला आणि तसाच ठेवला.

"चिमणीबाबू, हे कोन?"

मी डोळे बारीक केले. ऊन समोरून येत होतं. "पंख हातात घेतल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही, पाटील."

त्यांनी त्या पाखराकडे थोडा वेळ बघितलं. मग दगड काढून बाजूला ठेवला.

"राहू द्या मंग," ते म्हणाले.